कुंडीतली औषधी पानं कच्ची खाताना: कोणती, किती आणि कोणती मुळीच नाही (पुणे)

हिरवी फांदी

पाऊस तोंडावर आला की रोपवाटिकांत औषधी रोपांची वेगळी रांग लागते. तुळस, गुळवेल, कोरफड, पानओवा, ब्राह्मी, पानफुटी, अडुळसा, 'इन्शुलिन'. रोप घरी येतं, कुंडीत बसतं आणि दुसऱ्याच दिवसापासून पान तोडून तोंडात टाकणं सुरू होतं. भाजी आपण शिजवतो, त्यामुळे माती-पाण्यातून आलेले बरेचसे जंतू मरतात. कच्च्या पानाला ती सवलत नाही. म्हणून कच्चं खायचं रोप शोभेच्या रोपासारखं वाढवून चालत नाही.

रोप आणल्यावर आधी थांबायचं. विक्रीच्या रोपांवर पुष्कळदा इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असतं. ते पानाच्या आत मुरलेलं असल्यामुळे धुऊन जात नाही. रोप अर्ध्यावर छाटा, छाटलेलं फेकून द्या, आणि नवी फूट आल्यावरही निदान दीड-दोन महिने पान तोडू नका. ज्या घरी फवारणी होत नाही तिथली फांदी किंवा साधं बी मिळालं तर फारच चांगलं. गुलाबी, निळं असं रंगवलेलं बी बुरशीनाशक लावलेलं असतं, त्याचे मोड किंवा कोवळे कोंब कधीच खायचे नाहीत.

माती: दोन भाग चाळलेली लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि १० इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. आपल्याकडची काळी माती एकटी वापरली तर कुंडीत गोळा होते. वर कोरडी भेग आणि खाली चिखल, त्यात मुळं कुजतात. बांधकामाच्या राडारोड्याशेजारची किंवा नाल्याकाठची माती फुकट मिळाली तरी नको. जुन्या रंगातलं शिसं आणि सांडपाण्यातले धातू पान मुकाट्याने उचलतं.

शेणखत काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं झालेलं हवं. ताजं शेण मातीत घातलं असेल तर मातीला टेकणारं पान १२० दिवस आणि मातीपासून उंच असलेलं ९० दिवस कच्चं खायचं नाही, असा सेंद्रिय शेतीतला एक प्रमाण नियम आहे. जीवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाची, फवारणी कच्च्या खायच्या पानांवर करू नका. मातीत द्यायचं असेल तर हाच कालावधी धरा.

आता पाणी, आणि पुण्यात खरी गोची इथेच आहे. मोठ्या सोसायट्यांत बागेच्या नळाला सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी असतं. झाडांना ते चालतं, कच्च्या पानांना नाही. खायच्या कुंड्यांना स्वयंपाकघरातल्या नळाचंच पाणी, तेही बुडाशी, पानांवर नाही. बोअर किंवा टँकरचं पाणी जड असलं तर पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते लोहाचं दुखणं असतं, खत वाढवून सुटत नाही. पावसाचं पाणी साठवून आठवड्यातून एकदा दिलं तर महिन्याभरात फरक दिसतो. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी तर त्याहून खारट असतं, ते अजिबात घालू नका.

बाल्कनीला कबुतरांची जाळी नसेल तर पुढचं काही वाचण्याआधी ती लावून घ्या.

गच्चीवरचा माळी

तुळशीबद्दल लिहितो, कारण सगळ्यांत जास्त कच्ची तीच खाल्ली जाते.

पूजेची तुळस आणि खायची तुळस वेगळ्या कुंडीत हव्यात. वृंदावनात हळदीकुंकू पडतं, दूध पडतं, निरांजनाचं तेल आणि उदबत्तीची राख पडते. बाजारातलं कुंकू कृत्रिम रंगाचं असतं, आणि भेसळीच्या हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, सापडलेला आहे. वर्षानुवर्षं ते सगळं त्याच मातीत मुरतं. दुधाने बुडाशी बुरशी धरते ती वेगळीच. तेव्हा वृंदावनातल्या तुळशीला नमस्कार करा आणि पान दुसऱ्या तुळशीचं खा.

बी मोहरीपेक्षाही बारीक असतं. ओल्या मातीवर पसरायचं, वरून चिमूटभर गांडूळखत भुरभुरायचं, खोल गाडायचं नाही. मार्च ते जुलैमध्ये आठ-दहा दिवसांत उगवतं. चार खरी पानं आली की एकेक रोप १० ते १२ इंची कुंडीत हलवायचं. वीतभर वाढलं की शेंडा खुडायचा. मंजिरी दिसली की लगेच काढायची, नाहीतर झाड बी धरून लाकडी होतं आणि पान बारीक व उग्र होतं. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं तोडायची नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र दहा अंशांच्या आसपास किंवा खाली गेली की तुळस थांबते, पानं गळतात. लोक घाबरून पाणी वाढवतात आणि तेव्हाच मूळ कुजतं. थंडीत मातीचा वरचा एक इंच कोरडा झाल्यावरच पाणी. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोननंतर आडोसा द्यावा.

निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला चार-पाच पानं पुरेत. तुळशीत युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, मधुमेहाची औषधं असतील किंवा गरोदरपण असेल तर रोजचं पान डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर दोन आठवडे आधी बंद.

"तुळशीत पारा असतो म्हणून चावू नये" हा निरोप सगळीकडे फिरतो. तुळस स्वतः पारा तयार करत नाही. मातीत जे असेल ते पानात येतं, आणि तोच खरा मुद्दा आहे.

ओंजळ

उत्तम माहिती. सकाळी टेकड्यांवर फिरायला जाणारे बरेच जण गुळवेलीचं बोटभर कांड चावतात. घरी लावली तर रोज एक कांड चालेल का? आणि गुळवेल म्हणून मिळते ती गुळवेलच आहे हे कसं ओळखायचं?

कडूकिराईत

ओंजळताई, आधी ओळख.

आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची जवळची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा, ती या कामाची नाही. कोवळं कांड बघू नका, त्यावरून फसगत होते. जून, बोटाएवढं जाड कांड घ्या. गुळवेलीच्या कांडावर कागदासारखी पातळ साल सुटते, खाली हिरवा रंग दिसतो, आणि आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी असते. क्रिस्पाचं कांड करड्या रंगाचं असतं, त्यावर ठळक गाठी-पुटकुळ्या असतात आणि कापल्यावर दुधाळ चीक दिसतो. आयुष मंत्रालयाच्या सूचनेतही मुख्य फरक हेच दिले आहेत. शिवाय गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या आणि फळ गोल व लाल, तर क्रिस्पाला तीन पाकळ्या आणि फळ लांबट व नारिंगी. हृदयाकृती पानाच्या आणखी कितीतरी वेली पुण्याच्या कुंपणांवर चढलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या पानावरून गुळवेल म्हणायचं नाही.

लावायला सोपी आहे. जूनमध्ये दोन-तीन डोळ्यांचं वीतभर कांड घ्या, कापलेलं टोक सावलीत एक दिवस वाळू द्या, खालचा डोळा मातीत गाडा. खालचं टोक खालीच जायला हवं, उलटं लावलं तर कुजतं. १२ ते १५ इंची कुंडी आणि चढायला सुतळी. वरून दोऱ्यांसारखी हवाई मुळं लोंबतात, ती कापू नका.

आता रोज एक कांड. माझं उत्तर नाही असंच आहे. कोरोनाकाळात लोकांनी गुळवेल आठवडेच्या आठवडे घेतली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तिच्यामुळे यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच पटवलेली नव्हती. पुढे अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात असे आणखी रुग्ण आढळले. त्यांतल्या बऱ्याच जणांना थायरॉइड, मधुमेह किंवा स्वप्रतिकार प्रकृतीचं काही ना काही होतं. गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते, त्यामुळे जिथे ती शक्ती आधीच स्वतःच्याच पेशींवर उलटलेली असते तिथे ती आगीत तेल ओतते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

तेव्हा संधिवात, हाशिमोटो थायरॉइड, सोरायसिस, ल्युपस असे स्वप्रतिकार आजार, कोणताही यकृतविकार असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल तर गुळवेल नको. बाकीच्यांनी वैद्यांच्या सांगण्यावरून, ठरलेल्या दिवसांपुरतीच घ्यावी. घेताना मळमळ, अंगाला खाज, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी बंद आणि यकृताची रक्ततपासणी.

निर्गुडी

कोरफडीचा रस काढताना नव्वद टक्के चूक एकाच जागी होते, ती लिहिते.

पानाच्या हिरव्या सालीला लागूनच पिवळा कडू चीक असतो. त्यात अलोइन हे जोरकस रेचक असतं. पोटात मुरडा, जुलाब, शरीरातलं पोटॅशियम कमी होणं हे त्यातून होतं. आतला पारदर्शक गर वेगळा. सालीसकट पान मिक्सरमधून काढलं की दोन्ही एक होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अख्ख्या पानाचा अर्क 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकला आहे, तो या सालीसकटच्या अर्काबद्दल.

झाड दोन-तीन वर्षांचं हवं. सगळ्यांत खालचं, बाहेरचं, जाड पान बुडापासून कापा. कापलेलं टोक खाली करून पेल्यात १५-२० मिनिटं तिरकं उभं ठेवा, पिवळं पाणी ठिबकेल. मग धुवा. दोन्ही कडांचे काटे जरा आतून, जाडसर कापा. साल पातळ सोलायचा मोह टाळा, थोडा गर वाया गेला तरी चालेल. गराचे तुकडे दहा मिनिटं पाण्यात ठेवून दोनदा धुवा. जिभेवर एक तुकडा ठेवून बघा. कडू लागला तर चीक राहिलाय, टाकून द्या. नीट निघालेला गर जवळजवळ बेचव असतो. एक-दोन चमचे, लगेच खायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, लहान मुलांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटातून नकोच.

घायपात काही जण कोरफड समजून कापतात. पान तोडल्यावर ताठ धागे निघाले तर ती घायपात. तिचा रस त्वचेलाही जाळतो.

याच निमित्ताने कांडवेल. हाडं जुळतात म्हणून कच्ची चावायला सांगणारे आहेत. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळूत असतात तसेच. कच्ची चावली की जीभ आणि घसा टोचून सुजतो. हाताला तेल लावून सोलायची, चिंच घालून शिजवायची, मग चटणी नाहीतर पापड. अडुळसाही कच्चा चावायचा नाही. आपल्याकडे पानं वाफवून रस काढायची पुटपाकाची रीत आहे. त्यातलं वॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं, म्हणून गरोदरपणात कोणत्याही रूपात वर्ज्य.

ओंजळ

सदाफुलीचं काय? साखरेसाठी पांढऱ्या सदाफुलीची पानं रिकाम्या पोटी खाणारे आमच्या भागात बरेच आहेत.

कडूकिराईत

त्यांना आजच थांबवा.

सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टिन मिळतात. रक्ताच्या कर्करोगावर शिरेतून दिली जाणारी ही औषधं आहेत. ती पेशींचं विभाजन रोखतात. कर्करोगाच्या पेशींचं रोखतात तसंच हाडांच्या मगजातल्या निरोगी पेशींचंही. पानात त्यांचं प्रमाण फार कमी असतं हे खरं, पण झाडागणिक आणि ऋतूगणिक ते बदलतं, आणि शिवाय पानात डझनावारी इतर अल्कलॉइड्स असतात. रोज चार पानं महिनोन्‌महिने खाणाऱ्याला आपण काय आणि किती घेतोय हे कळायचा काहीच मार्ग नाही. पांढरी असो की गुलाबी, फरक नाही. पांढऱ्या पेशी कमी होणं, हातापायांना मुंग्या, न हटणारं बद्धकोष्ठ ही या औषधांची ओळखीची लक्षणं आहेत. कोणी खात असेल तर रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना सदाफुलीचं नाव घेऊन सांगा. 'घरगुती काढा' एवढं मोघम सांगून उपयोग नाही.

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, गुंज ही झाडंही पूजेच्या निमित्ताने त्याच बाल्कनीत असतात. खायच्या कुंड्यांपासून लांब, वेगळ्या रांगेत ठेवा. घरातलं दुसरं कोणी घाईत पान तोडायला गेलं तर चूक होऊ नये. कोणी चुकून खाल्लंच तर उलटी करवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि झाडाची फांदी दवाखान्यात सोबत न्या.

सिंहगड रोड

मुतखड्यावर पानफुटीची दोन पानं सकाळी, हे जवळपास प्रत्येक घरात ऐकलंय. तेही चूक का?

निर्गुडी

सदाफुलीइतकं धोक्याचं नाही, पण निर्धास्त खावं असंही नाही.

पानफुटी ही कलांचो कुळातली. या कुळात बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं असतात. ती डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखी काम करतात. ऑस्ट्रेलियात पानफुटीच्या जातभाईंची फुलं चरून गुरं दगावलेली आहेत. फुलांत ही द्रव्यं सर्वांत जास्त असतात. तेव्हा फुलावर आलेल्या झाडाचं काहीच खायचं नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा डिजॉक्सिन चालू असेल तर एक पानही नाही. आणि रोपवाटिकेत लाल-पिवळ्या गुच्छांचं शोभेचं 'कलांचो' मिळतं ते पानफुटी समजून खाऊ नका.

मुतखड्यासाठी सोनोग्राफी करून खडा किती मिलिमीटरचा आणि कुठे आहे ते आधी बघा. लहान खडा पुष्कळदा भरपूर पाण्यानेच पडतो, श्रेय पानाला जातं. मोठा खडा मूत्रनलिकेत अडकलेला असताना महिनाभर पानं खात बसलं तर मूत्रपिंड सुजतं. मला खरी काळजी या वाया जाणाऱ्या महिन्याची वाटते.

एक जाता जाता: पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि संध्याकाळी सपक लागतं. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात हीच चव घेऊन बघितली आणि १८१५ च्या सुमारास लिहून ठेवली. हे झाड रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्ल साठवतं आणि दिवसा ते वापरून टाकतं. पहाटेच्या पानात आम्ल सर्वाधिक असतं. रिकाम्या पोटी खाऊन छातीत जळजळ होते ती त्यामुळेही असेल.

हिरवी फांदी

आता पानं धुण्याबद्दल सविस्तर.

मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवल्याने अळ्या आणि किडे सुटतात, जंतू मरत नाहीत. लिंबू-व्हिनेगरने काही जिवाणू कमी होतात, पण फीतकृमीची अंडी त्याने मरत नाहीत. हे शुद्ध शाकाहारी घरांनी नीट लक्षात घ्यायला हवं. डुकरातल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात आणि तिथून कच्च्या पानावर येतात. पोटात गेली तर त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात. आपल्या देशात मोठ्या माणसाला नव्याने फिट्स येण्यामागे हे एक मोठं कारण आहे, आणि त्यासाठी मांस खाल्लेलं असण्याची गरज नाही. म्हणून मैदानातल्या दूर्वा, नदीकाठची घोळ, ओढ्यातली ब्राह्मी कच्ची नकोच. धुण्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा घाण पानापर्यंत पोचूच न देणं हा खरा उपाय, आणि घरच्या कुंडीचा फायदा तोच आहे.

घरच्या पानांसाठी: देठापासून पानं सुटी करा. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन हाताने घुसळा आणि पानं वर उचलून काढा. पातेलं चाळणीत ओतू नका, बुडाला बसलेली माती परत पानांवरच येते. असं तीनदा, दर वेळी नवं पाणी. मग वाहत्या नळाखाली पानाची मागची बाजू अंगठ्याने पुसा. पावसाळ्यात हे काटेकोर हवं. पुण्यात जुलै-ऑगस्टला कुंड्यांवर गोगलगाई चढतात, त्यांच्या शरीरात आणि चिकट मागात उंदरांच्या फुप्फुसकृमीच्या अळ्या असू शकतात. चकाकती रेघ दिसलेलं पान टाकून द्या. संध्याकाळी टॉर्च घेऊन गोगलगाई हातमोज्याने वेचा आणि कुंड्या जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा.

निर्जंतुक करायचंच असेल तर खाद्योपयोगी सोडियम हायपोक्लोराइट वापरा, ज्याने ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीन मिळेल एवढं. द्रावण पाच टक्क्यांचं असेल तर लिटरला एक मिलिलिटर. पाच मिनिटं ठेवून पुन्हा धुवायचं. फरशी पुसायचं सुवासिक द्रावण चुकूनही नाही.

धुतलेली पानं कापडावर कोरडी करून त्याच दिवशी संपवा. गरोदर बायका, केमोथेरपी चालू असलेले, प्रत्यारोपण झालेले यांनी कच्चं पान खाऊच नये. त्यांना उकळत्या पाण्यातून काढून द्या.

गच्चीवरचा माळी

ब्राह्मीच्या नावाने दोन वेगवेगळी झाडं मिळतात. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला दाते आणि लांब देठ असलेलं पान म्हणजे मंडूकपर्णी. चमच्याच्या टोकाएवढं, जाडसर, देठ नसलेलं पान आणि पांढरट-जांभळं पाच पाकळ्यांचं फूल म्हणजे ब्राह्मी, बाकोपा. पुण्यात पहिलीच 'ब्राह्मी' म्हणून जास्त विकली जाते. चटणीसाठी खरं तर तीच सोयीची. धुतलेल्या मंडूकपर्णीची मूठभर पानं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, वरून लिंबू. आठवड्यातून एक-दोनदा, रोज नको. खरी ब्राह्मी चांगलीच कडू असते आणि रिकाम्या पोटी मळमळ, जुलाब करते.

दोघींना ओलावा आणि अर्धी सावली लागते. पसरट कुंडी, खाली पाण्याची ताटली. ताटलीतलं पाणी दर दोन दिवसांनी फेका. हवं तर वाळूने भरून ठेवा, म्हणजे डासाला अंडी घालायला उघडं पाणी मिळत नाही. नाहीतर औषधी बागेतून डेंग्यू पिकतो.

पानओवा मात्र कोणालाही जमतो. वीतभर फांदी, खालची पानं काढून मातीत, दहा दिवसांत मुळं. जास्त पाण्याने खोड काळं पडून गळतं, तेवढंच सांभाळायचं. हा आपला मसाल्याचा ओवा नव्हे, झाड पूर्ण वेगळं आहे. वास सारखा येतो कारण कार्व्हाक्रोल आणि थायमॉल दोन्हीकडे आहेत. कच्चं एखादं पान पुरे, जास्त खाल्लं तर जीभ बधिरते. भजीला तर तोड नाही.

सिंहगड रोड

गव्हांकुर घरी करताना दर वेळी बुडाशी पांढरं येतं. आणि 'इन्शुलिन'च्या पानाबद्दलही सांगाल का?

निर्गुडी

पांढरं दोन प्रकारचं असतं. पाणी फवारल्यावर दिसेनासं झालं तर ती मुळांची केसं, काळजी नको. फवारल्यावरही जाळं तसंच राहिलं आणि कुबट वास आला तर बुरशी, अख्खा ट्रे फेका. वरचं वर कापून वापरायचं नाही.

गहू कुठला हे सगळ्यांत महत्त्वाचं. पेरणीचा गहू बुरशीनाशक लावलेला असतो. वर्षाच्या साठवणीतल्या गव्हाला घरोघरी बोरिक पावडर चोळलेली असते किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकलेल्या असतात, तोही नको. काहीही न लावलेला गहू मागून घ्या. फूटभर लांब-रुंद ट्रेला एक वाटी पुरते. आठ तास भिजत, मोड डोकावले की इंचभर मातीवर पसरायचे, दोन दिवस झाकून ठेवायचे, मग उजेडात. हवा खेळती हवी, दाट पेरणीतच बुरशी धरते. सातव्या ते नवव्या दिवशी वीतभर झाले की जमिनीपासून दोन बोटं वर कापायचे. एकदाच. दुसरी कापणी चिवट येते आणि तोवर बुडाशी बुरशी असतेच.

मोडांबाबत एक लक्षात ठेवा. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय पसरला आणि ५० हून अधिक माणसं दगावली. दोष बियाण्यातच होता. उबदार, दमट जागी बी मोडायला घातलं की जंतूही तितक्याच जोमाने वाढतो. घरातल्या लहानांना आणि वृद्धांना मोड वाफवूनच द्या.

'इन्शुलिन' म्हणजे कोस्टस. पानात इन्शुलिन नसतं, आणि असतं तरी पोटात पचून गेलं असतं. साखर थोडी उतरवत असेल तर धोका उलट बाजूने आहे. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीसोबत दोन-तीन पानं गेली की साखर एकदम खाली येऊ शकते. खाणारच असाल तर डॉक्टरांना सांगून, ग्लुकोमीटरवर नोंद ठेवून. कुठलंच पान गोळीला पर्याय होऊ शकत नाही, त्यामुळे गोळी स्वतःहून कमी करू नका.

ओंजळ

शेवटचा प्रश्न. घरी वेखंड छान आलंय, बाळगुटीत घरचंच वापरावं का?

कडूकिराईत

नको, ताई. वेखंडात बीटा-असारोन असतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत त्यामुळे गाठी झाल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांतून बाद केलं. सहाणेवर एक वेढा की दोन, यात मात्राच ठरत नाही, त्यात उगाळायला वापरलेलं पाणी आणि सहाण कितपत स्वच्छ हाही प्रश्न. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध, बाकी पाणीसुद्धा नको. वेखंड वाळवून कपड्यांच्या कपाटात ठेवा, कसर लागत नाही.

कडुनिंबाचंही बाळांना काही देऊ नका. निंबोळीचं तेल पाजल्याने तान्ह्या मुलांचं यकृत आणि मेंदू निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. पाडव्याला मोठ्यांनी कोवळी चार-पाच पानं गूळ, ओवा, हिंग, मीठ घालून खाण्याची गोष्ट वेगळी.

हिरवी फांदी

ओळखीबद्दल एक सोय सांगायची राहिली. फोटोवरून नाव सांगणारी अॅप्स खायच्या झाडासाठी पुरेशी नाहीत, गुळवेल आणि तिची बहीण क्रिस्पा यांच्यात ती गोंधळू शकतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र कोरेगाव रस्त्यावर आहे, आणि गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था. दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. आधी विचारून, त्यांच्या रीतीप्रमाणे नमुना न्यायचा.

नमुना म्हणजे एक सुटं पान नव्हे. पान, खोडाचा जून भाग आणि फूल किंवा फळ असलेली फूटभर फांदी हवी. वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजूही दिसते. वर जाड पुस्तकांचं वजन. कागद रोज बदलायचा, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर काळी पडते. आठ-दहा दिवसांत कडक होते. सोबत चिठ्ठीत कुठून आणली, कधी तोडली, वेल की झुडूप, फुलाचा ताजा रंग आणि चीक निघाला का, कोणत्या रंगाचा, हे लिहायचं. वाळल्यावर रंग आणि चीक दोन्ही जातात. गुळवेल दाखवायची असेल तर जून कांडाचा वीतभर तुकडा ताजाच, ओल्या कापडात गुंडाळून न्या.